नीटसाठी वर्ष चालते, गावासाठी का चालत नाही?

"मुलगी दुसरी पीयूसी (बारावी) विज्ञान शाखेतून ८६ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली, नीटमध्ये मात्र ७२० पैकी ३१२ गुण पडले. वर्षभर शिकवणी लावून तिने पुन्हा परीक्षा द्यावी, असे आमचे मत आहे. तिला खानापूर तालुक्यातील एका गावी राहून शाळेतील मुलांना परसबाग आणि शेतकऱ्यांना बांधावरची झाडे शिकवायची आहेत, तीही बिनपगारी. झाडे लावायला शिकवायचे काय असते? अभ्यासात लक्ष लागावे म्हणून गच्चीवरच्या तिच्या रोपांच्या चाळीस पिशव्या मी शेजाऱ्यांना वाटून टाकल्या, तरी ती ऐकत नाही. तिचे मन कसे वळवावे?"
एक पालक, शहापूर, बेळगाव

आपले पत्र वाचताना मला गुणांची नव्हे, त्या चाळीस पिशव्यांची काळजी वाटली. हे वाक्य आपण अगदी सहज, जणू घरातली रद्दी विकल्याच्या सुरात लिहिले आहे. बिया रुजवून, माती चाळून, परीक्षेच्या दिवसांतही पाणी घालून तिने वाढवलेली ती रोपे तिला न विचारता वाटताना आपण तिला अभ्यासाकडे वळवले नाही. या घरात तिच्या श्रमाला किंमत नाही, एवढेच तिच्या लक्षात आणून दिले. शिवाय नीटच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी एक वर्ष देण्यास आपण तयार आहात, पण तेच वर्ष तिने स्वतः मागितले की ते वाया जाते. हा हिशेब मला पटत नाही. मन वळवण्याचा उपाय मी सांगणार नाही.

"झाडे लावायला शिकवायचे काय असते" या आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायला हवे. अथणीच्या कोरडवाहू रानात बांधावर बोर आणि चिंच शोभते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात कोकम, फणस, काजू यांचा विचार करावा लागतो. बांधावर निलगिरी लावली, तर तिच्या मुळांचा आणि सावलीचा त्रास लगतच्या पिकाला होतो; गिरिपुष्पाची नुसती फांदी रोवली तरी फुटते आणि तिचा पाला चिखलणीच्या वेळी भातखाचरात तुडवला की जमिनीला नत्र मिळते. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी वेटोळे घालते. ते न छाटता रोप लावले, तर झाड काही वर्षे हिरवेगार दिसते आणि मग एखाद्या वाऱ्यात कलंडते. देशाने २०१४ मध्ये वनशेतीचे स्वतंत्र राष्ट्रीय धोरण केले, ते हे शास्त्र आहे म्हणूनच. कर्नाटकच्या वन खात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेतही अनुदान लावलेल्या रोपांवर नव्हे, तर जगलेल्या रोपांवर मिळते.

आता दोन शब्द मुलीसाठी. पावसाळ्यात रोपे लावून दिवाळीला परतायचे असेल, तर जाऊच नकोस. रोपे मरतात ती मार्च-एप्रिलमध्ये, सुगीनंतर मोकळी सुटलेली गुरे आणि आटलेल्या विहिरी यांच्यामुळे. त्या महिन्यांत तू गावात असलीस, तरच शिकवलेस असे म्हणता येईल. तिथल्या बायकांना परसातल्या भाजीबद्दल तुझ्याहून अधिक कळते, म्हणून पहिले दोन महिने फक्त विचारत राहा. घरी आणि गावात मराठीवर निभेल; रोपवाटिकेत आणि सरकारी कार्यालयात कन्नडच लागेल, तेव्हा ती आजपासून बोलायला लाग. जाण्यापूर्वी बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा जाऊन ये.

प्रवेशाचे म्हणाल, तर केसीईटी (कर्नाटकची सामायिक प्रवेश परीक्षा) दिली असल्यास कृषी, उद्यानविद्या आणि वनशास्त्र या तिन्ही वाटा खुल्या आहेत. उद्यानविद्येचे महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात, गोकाकजवळच्या अरभावीला आहे, आणि वनशास्त्राचे उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरशीला. यंदा तिथे जागा मिळत असेल, तर ती सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाचे काम सुट्ट्यांतही करता येईल. जागा मिळाली नाही, तर मात्र तिला वर्षभरासाठी जाऊ द्यावे आणि पुढची केसीईटी तिने तिथूनच द्यावी.

पिशव्या कोणाकोणाच्या घरी दिल्या, त्यांची यादी आज तिच्या हाती द्या. पाऊस अजून आहे, रोपे लावायला उशीर झालेला नाही.