वाचकांचे प्रश्न : छडी विद्यार्थ्याच्या हाती का?

प्रश्न : इंग्लंडमधील जुन्या निवासी शाळांत वरच्या वर्गातील मुलांना लहान मुलांकडून कामे करून घेण्याचा आणि त्यांना छडी मारण्याचाही अधिकार असे, असे वाचनात आले. शिक्षक असताना हा अधिकार विद्यार्थ्यांना का दिला गेला? रग्बी या शाळेच्या थॉमस आर्नल्ड यांनीच ही पद्धत सुरू केली, हे खरे का?
— एक वाचक

उत्तर : पद्धत आर्नल्ड यांची नव्हे. १३८२ मध्ये स्थापन झालेल्या विंचेस्टरच्या शाळेत थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांवर देखरेख ठेवावी, अशी तरतूद आरंभापासून होती. पुढे शाळा वाढल्या, पण शिक्षक मोजकेच राहिले. ईटन शाळेच्या 'लाँग चेंबर' या शयनगृहात शिष्यवृत्तीची मुले रात्री कोंडली जात आणि सकाळपर्यंत आत एकही शिक्षक नसे. अशा ठिकाणी सत्ता कोणाची चालणार, हे सांगायला नको. म्हणजे दांडगाई आधीपासूनच होती. तिला आवर घालणारे कोणी नव्हते, एवढेच. मुले शाळेविरुद्धही उठत. १७९७ मध्ये रग्बीत आणि १८१८ मध्ये विंचेस्टरमध्ये मुलांचे बंड मोडायला सैनिक आणावे लागले.

आर्नल्ड १८२८ ते १८४२ या काळात रग्बीचे मुख्याध्यापक होते. सर्वांत वरच्या, म्हणजे सहाव्या वर्गातील मुलांची जी सत्ता मुळातच होती, ती त्यांनी काढून न घेता आपल्याशी बांधून घेतली. या मुलांना ते स्वतः शिकवत, विश्वासात घेत आणि शाळेच्या वर्तनाबद्दल जबाबदार धरत. ही युक्ती धूर्त होती, असे माझे मत आहे. बंडखोरांचे पुढारी होऊ शकणारी मुलेच त्यामुळे शाळेचे कारभारी झाली. या मुलांना बहुतेक शाळांत प्रीफेक्ट म्हणत.

लहान मुलाने मोठ्याची चाकरी करण्याच्या प्रथेला 'फॅगिंग' म्हणत. ईटनमध्ये एखादा वरिष्ठ मुलगा बोळात उभा राहून हाक मारी, ती ऐकताच धाकटी मुले हातातले टाकून धावत सुटत आणि जो सर्वांत शेवटी पोहोचे त्याच्या गळ्यात काम पडे. निरोप पोचवणे, पाव भाजणे, बूट पुसणे, अशी ती कामे असत. आज चाकरी करणारा उद्या हाक मारणार असल्याने तक्रार करायला फारसे कोणी पुढे येत नसे, आणि ही प्रथा इतकी वर्षे टिकण्याचे हेच मोठे कारण असावे.

अधिकाराचा अतिरेक १८७२ मध्ये विंचेस्टरला चव्हाट्यावर आला. शाळेच्या खास बोलीची परीक्षा मुलेच घेत. तिला बसायचे नाकारणाऱ्या एका मुलाला प्रीफेक्टने अ‍ॅश झाडाच्या काठीने तीस फटके मारले आणि मारताना काठ्या मोडल्या. वृत्तपत्रांतून मोठा गदारोळ झाला. तरीही मुख्याध्यापक जॉर्ज रिडिंग यांनी प्रीफेक्टची पद्धत मोडीत काढली नाही, कारण तिच्यावाचून शाळा चालवायची तर वसतिगृहांत कितीतरी जास्त माणसे नेमावी लागली असती.

फॅगिंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेका शाळेतून गेले. इंग्लंडमधील खासगी शाळांत शारीरिक शिक्षेवर मात्र १९९९ मध्येच कायद्याने पूर्ण बंदी आली. प्रीफेक्ट आजही निवडले जातात, पण त्यांच्याकडे शिस्तीची किरकोळ कामे, नव्या मुलांना सांभाळून घेणे आणि समारंभांत शाळेचे प्रतिनिधित्व करणे, एवढेच उरले आहे.