चार लाख जास्त, पण हातात किती?

प्रश्न : मुलीला सॉफ्टवेअर कंपन्यांच्या दोन ऑफर आहेत. पुण्यात सीटीसी (कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १४ लाख, बंगळुरूत १८ लाख. दोन्हींत दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारा भाग. वन बीएचकेचं भाडं हिंजवडीकडे १८ हजार, बेलंदूरला २८ हजार सांगतात. महिन्याला तेहतीस हजार जादा मिळतात, तर बंगळुरूच बरं ना?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तेहतीस हजार कागदावर. हातात त्याच्या निम्मेच पडतील.

सीटीसीत कंपनीचा पीएफचा हिस्सा (बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, १२ टक्के) आणि ग्रॅच्युइटी (४.८१ टक्के) धरलेली असते. बेसिक सीटीसीच्या निम्मं धरून हे दोन्ही वजा करा, व्हेरिएबलही बाजूला ठेवा. पुण्यात वर्षाचे ११,४२,३३० उरतात, बंगळुरूत १४,६८,७१०. यातून मुलीचा स्वतःचा पीएफ आणि अडीच हजार व्यवसाय कर जातो.

खरी मेख आयकरात आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ७५ हजारांच्या प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कर शून्य. पुण्याचा हा पगार त्यात बसतो. बंगळुरूचा बसत नाही, आणि सेससह सुमारे ९२,६०० रुपये कर लागतो. म्हणून दरमहा हातात पुण्यात ८८ हजार, बंगळुरूत १ लाख साडेपाच हजार. फरक साडेसतरा हजारांचा.

त्यातले दहा हजार भाड्यात जातात. बंगळुरूत घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याचं भाडं अनामतीतून कापायची पद्धत आहे. अकरा महिन्यांत घर बदललं तर तेही दरमहा अडीच हजार पडतं. उरले पाच. बंगळुरूच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोजायलाच हवी : दोन्ही हिस्से मिळून पीएफमध्ये दरमहा चार हजार जास्त जमा होतात, आणि ते पैसे तिचेच.

अनामत आधी विचारा. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्यात भागतं, बंगळुरूत पाच-सहा महिन्यांचं मागतात. म्हणजे पहिला पगार व्हायच्या आधीच दीड लाख हाताशी हवेत. रंगकामाची कपात किती, हे करारात आकड्यात लिहून घ्या. पुण्यात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करारही नोंदवावाच लागतो. नुसत्या नोटरीवर राहू नका.

आमचं मत : केवळ पैशासाठी जायचं असेल तर पुणं. हुतात्मा एक्स्प्रेसने चार-साडेचार तासांत घरी येता येतं. बंगळुरूहून उद्यान एक्स्प्रेसमध्ये अख्खी रात्र जाते, आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत तिकीट मिळणं हा वेगळाच विषय. बंगळुरूचं काम वरच्या दर्जाचं असेल तर हा हिशेब बाजूला ठेवा.

प्रश्न : मुलगा पुण्यात २८ हजार भाडं भरतो. त्याच इमारतीतला फ्लॅट एक कोटीला मिळतोय. भाडं वाया घालवण्यापेक्षा हप्ता बरा नाही का?
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं : हप्ता ६९,४२६. पहिल्या महिन्यात त्यातले ५६,६६७ निव्वळ व्याज, म्हणजे भाड्याच्या दुप्पट. तेही ‘वाया’च जातं. शिवाय २० लाख स्वतःचे, ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सुटतो. नोकरी पाच वर्षांत बदलण्याची शक्यता असेल तर भाड्यानेच राहू द्या.