शिफ्ट सुटायच्या आत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर चाळीस मिनिटं बोललीस आणि मी नुसता "हं, हं" करत राहिलो. आतून बायकोने विचारलं, "कोणाचं काही झालं का?" म्हटलं, नाही, बारा दुकानांत ॲप बसत नाहीये.

तुझी तक्रार मला पाठ झाली. दुकानांतल्या कर्मचाऱ्यांशी निरोपांची देवाणघेवाण करायला कंपनीने पैसे मोजून चांगलं ॲप घेतलं, तू दोन महिने दुकानोदुकानी फिरून शिकवलंस, प्रत्येक दुकानात केक कापला, आणि तरी सगळे जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच. "सर, या लोकांना बदलायचंच नाहीये." हे वाक्य तू तीनदा म्हणालीस. तिसऱ्यांदा मला राग आला. तेव्हाच बोललो असतो तर जास्त बोललो असतो, म्हणून लिहायला बसलोय.

"या लोकांना" हे आधी सोड. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या. त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत याच लोकांनी स्मार्टफोन, क्यूआर कोड, पैसे आल्याचा मेसेज तपासणं, सगळं आत्मसात केलं. त्यांना कोणी केक कापून शिकवलं नव्हतं. गरज होती, शिकले. तुझ्या ॲपमध्ये त्यांच्या गरजेचं काय आहे? तू मला जे सगळं सांगितलंस त्यात हेड ऑफिसच्या गरजेचं होतं.

बोलता बोलता तू एक गोष्ट सहज सांगून गेलीस, ती माझ्या डोक्यातून जात नाही. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. जीएसटीचे नवे दर त्याच दिवशी लागू झाले. तूप-लोणी-चीज १२ टक्क्यांवरून ५, साबण-शाम्पू-टूथपेस्ट १८ वरून ५, पाकीटबंद पनीर शून्यावर. पाकिटावर छापलेली एमआरपी जुनी, बिलात भाव नवा. अशा दिवशी काउंटरवर काय होतं ते मला सांगायला नको. तू सहा पानांची पीडीएफ करून आदल्या रात्री ॲपवर टाकलीस. मेहनत केलीस, मान्य. दुसऱ्या दिवशी दुपारी बिलिंगच्या एका मुलीने त्याच्याखाली विचारलं: "अंघोळीच्या साबणाचा भाव उतरला, हॅण्डवॉशचा का नाही? सकाळपासून तीन गिऱ्हाइकं भांडून गेली."

त्याला चार अंगठे आले. उत्तर एकही नाही.

आणि हे तू मला कशासाठी सांगितलंस, तर लोक पीडीएफ वाचत नाहीत याचा पुरावा म्हणून! चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं म्हणे, सवलत फक्त वडीच्या साबणाला, पातळ साबण १८ वरच. अगं, तिच्यासमोर ट्रॉल्या घेऊन रांग उभी होती. चौथं पान कधी उघडायचं तिने? शिवाय तुमच्याकडे ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम आहे. म्हणजे तिने जेवणाच्या अर्ध्या तासात, डबा उघडा ठेवून, कंपनीचं गिऱ्हाईक सांभाळण्यासाठी कंपनीला प्रश्न विचारला. दोन महिन्यांत तुला मिळालेला सगळ्यात मोठा विजय तो होता, आणि तू तो अंगठ्यांवर घालवलास.

माझं सांगणं एवढंच आहे, पुढे जे लिहीन ते त्याच्याच अवतीभवती: काउंटरवरून वर आलेल्या प्रश्नाला शिफ्ट सुटायच्या आत उत्तर गेलं पाहिजे. बाकी ॲप कुठलं, रंग कुठला, घंटी कशी वाजते, मला काही देणंघेणं नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. चांगल्या मार्गाने नाही कळलं.

२०१८. मी चौदा दुकानांचं कामकाज बघायचो. व्हॉट्सॲप ग्रुप मीच काढला होता आणि त्याचा मला भारी अभिमान. २३ जूनला, शनिवार होता, राज्यात प्लॅस्टिकबंदीची कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार दंड. मी आदल्या रात्री ग्रुपवर लिहिलं, "उद्यापासून कॅरीबॅग बंद. सर्वांनी नोंद घ्यावी." सकाळी साडेदहाला डोंबिवलीच्या दुकानात सुटं धान्य भरणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "सर, डाळ-तांदूळ आपण ज्या पिशव्यांत भरतो त्या चालतील का?"

मी वाचलं. तिकडे निळ्या खुणा उमटल्या असतील. मला उत्तर माहीत नव्हतं. तसं नीट कोणालाच माहीत नव्हतं; किराणा बांधायच्या पिशव्यांना सरकारने सूट दिली ती त्यानंतर काही दिवसांनी. पण "माहीत नाही" लिहायची मला लाज वाटली. ग्रुपवर चौदा मॅनेजर होते, मालकांचा मुलगा होता. मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

बाईंनी त्या दिवशी डाळ भरली नाही, म्हणून मॅनेजरने झापलं. दुसऱ्या दिवशी भरली, तर एका गिऱ्हाइकाने तक्रारीची धमकी दिली. मग त्यांनी ग्रुपवर पुन्हा कधी काही विचारलं नाही. माझ्या प्रत्येक निरोपाला अंगठा, दिवाळीला पणतीचं चित्र. मला वाटायचं, बघा, कशी शिस्त लागली!

पुढच्या मे महिन्यात त्या दुकानातला डीप फ्रीजर बसला. आइस्क्रीम, मटार, पनीर, सगळं पोत्यांत भरून फेकलं. त्याचा आवाज वेगळा येतोय हे बाईंच्या दोन दिवस आधीपासून लक्षात आलं होतं. मी चिडून विचारलं, "मग ग्रुपवर लिहिलं का नाहीत?" त्या म्हणाल्या, "लिहून काय होतं, सर?" उद्धटपणे नाही म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. मी त्यालाही उत्तर दिलं नाही.

आता माझीही बाजू ऐक. चौदा दुकानं आणि मी एकटा. रात्री साडेअकराला गल्ल्याचे आकडे यायचे, सकाळी सहाला दुधाची गाडी. दिवसाला दोनशे मेसेज, त्यातले दीडशे "गुड मॉर्निंग". एखादा प्रश्न सुटणारच. निरोप न वाचणाऱ्याने चहाच्या डब्यात पन्नास रुपये टाकायचे ही टूमही माझीच, आणि ती लागू होती तोवर सगळे निरोप वाचत होते हे कोणी नाकारू शकत नाही. थोडा धाक लागतोच. पगार जेमतेम असलेल्या माणसाचे पन्नास रुपये म्हणजे... जाऊ दे. बघ, सात वर्षांनीही मी स्वतःची वकिली करतोय. तू तरी करू नकोस.

तेव्हा शिफ्ट सुटायच्या आत उत्तर. माहीत नसेल तर "माहीत नाही, सहा वाजेपर्यंत विचारून सांगते" हेसुद्धा उत्तरच. त्याने माणसाची मान खाली जात नाही, माझी गेली नसती. मॅनेजरांना हे समजावताना तुझा घाम निघेल, कारण त्यांना वाटतं की "माहीत नाही" लिहिलं की खुर्ची डळमळते.

फोनचं बघ आता. फोन लॉकरमध्ये आणि ॲप फोनमध्ये, ही विद्वत्ता कोणाची? मग ते वाचायचं कधी, रात्री दहाच्या बदलापूर लोकलमध्ये? घरी पोळ्या लाटताना? २०१७ चा दुकाने कायदा आला तेव्हा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती, वर काम घेतलं तर दुप्पट पैसे. आकडे बदलत राहतात, पण घरी बसून कंपनीचे निरोप वाचणं हे कामच आहे, ते फुकट घ्यायची सवय लावू नकोस. कामाच्या वेळेनंतर फोनला उत्तर न देण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळेंनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तरी आपल्याकडे लोक तो ऑफिसात बसणाऱ्यांसाठी आहे असंच समजले असते.

साहेबांना सांग, प्रत्येक दुकानात हजेरीच्या मशीनशेजारी कंपनीचा एक टॅब लावा. ज्याचा त्याचा पिन. आल्यावर दोन मिनिटं, जाताना दोन मिनिटं, दोन्ही ड्यूटीच्या वेळेत मोजायची. खर्च म्हणतील. अमेरिकेत वॉलमार्टने २०२१ मध्ये असंच ॲप आणलं तेव्हा ७,४०,००० कर्मचाऱ्यांना फोन देऊ केले. ते काही धर्मादाय दुकान नाही. आपल्याला मात्र तिचाच फोन हवा, तिचाच रिचार्ज हवा, आणि वर ती ॲप उघडत नाही म्हणून तक्रारही हवी.

आणि पीडीएफ बंद. बोलून पाठव. मराठीत एक, हिंदीत एक, मिनिटाच्या आत. तुझा आवाज चांगला आहे, वापर की.

लोकांनी आपणहून ॲप उघडावं असं वाटत असेल तर त्यावर साप्ताहिक सुट्टीची अदलाबदल टाक. "माझा मंगळवार कोणी घेतं का, मुलाची परीक्षा आहे." यासाठी आज दुकानातल्या बायका सात फोन करतात आणि वर मॅनेजरची मनधरणी. हे ॲपवर होऊ लागलं, आणि मॅनेजरचं "हो" किंवा "नाही" शिफ्ट सुटायच्या आत मिळू लागलं, की तुला केक कापावा लागणार नाही. "नाही" मिळालं तरी चालतं. लटकत ठेवलेलं चालत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करण्याचा हट्ट तू कशासाठी धरलास ते तुझं तुलाही सांगता आलं नाही. एक कारण मात्र खरं आहे, आणि ते तू साहेबांना सांगितलंच नाहीस. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. नोकरी सोडून गेलेला सुपरवायझर महिनोन् महिने आतच असतो. रात्री अकराला "जेवलीस का?" कोणाला येतं, ते दुकानातल्या मुलींना विचार. एकटीला, बाहेर चहावर विचार. तुझ्या ॲपमध्ये नंबर दिसत नसेल तर ही एकच गोष्ट सांगून अर्धी दुकानं तुझ्याकडे येतील. तू त्यांना स्टिकर आणि वाढदिवसाचे फुगे दाखवत बसलीस!

त्यांचा आपसातला एक ग्रुप असेल, मॅनेजर नसलेला. असतोच. तो शोधू नकोस, त्यात कोणाला पेरू नकोस. लोकांना आपल्याला शिव्या द्यायला एक जागा लागते.

ॲपच्या प्रेमात तर अजिबात पडू नकोस. फेसबुकवाल्यांनी कंपन्यांसाठी वर्कप्लेस २०१६ मध्ये आणलं, मोठमोठ्या कंपन्या त्यावर गेल्या, आणि २०२४ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुझंही जाईल. तोवर लोकांना विचारायची सवय लागली असेल तर ते पुढच्या ॲपवरही विचारतील, नाहीतर वहीतही विचारतील.

तू म्हणशील, सर, बारा दुकानांचे प्रश्न, उत्तर देणार कोण? खरा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर ॲप विकणाऱ्याकडे नाही. हेड ऑफिसात दर शिफ्टला एक माणूस, नावानिशी. त्याचं त्या दिवशी तेच काम. आणि महिन्याच्या मीटिंगला किती टक्के लोकांनी वाचलं तो हिरवा तक्ता दाखवू नकोस. किती प्रश्न शिफ्ट सुटेपर्यंत तसेच पडून राहिले तो आकडा दाखव. साहेब चिडतील. चिडू देत. माझ्यावर कोणी चिडलं नाही, तिथेच माझं बिघडलं.

केरळने २०१८ मध्ये दुकानांच्या कायद्यात बदल केला, कशासाठी ठाऊक आहे? दिवसभर उभं राहणाऱ्या माणसांना बसायला मिळावं म्हणून. तमिळनाडूने २०२१ मध्ये केला. एका स्टुलासाठी विधानसभा! कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका कित्येक वर्षं तेच मागत होत्या. मालकांना ऐकू येत नव्हतं असं मला नाही वाटत. त्यांनीही फोन पालथा ठेवला असणार.

फार बोललो. तू हुशार आहेस, आणि हुशार माणसांना समोरच्याने न विचारलेली उत्तरं द्यायची खोड असते. मलाही होती. पुढच्या रविवारी ये, बायको कोथिंबीर वडी करणार आहे. टॅबच्या खर्चाचा कागद घेऊन ये, आपण बसून आकडे खाली आणू.

तुझा,
सर

ता. क. त्या हॅण्डवॉशवाल्या मुलीला उत्तर गेलं का, हे तू सांगितलंच नाहीस. दिवाळी होऊन गेली, आता त्याचा काही उपयोग नाही हे मला कळतं. तरी पाठव. तिच्या नावाने, सगळ्यांना दिसेल असं, आणि उशीर तुझ्याकडून झाला हेही लिही. डोंबिवलीच्या बाईंचा नंबर माझ्याकडे अजून आहे. मी अजून लावलेला नाही.