रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी द्यावं लागतं; दिवसा झोपून भरपाई होते का?

बरीचशी होते, पण झोपेचा मोठा भाग सलग झोपलात तर. मोठ्या माणसाला २४ तासांत किमान ७ तास झोप हवी, दहावी-बारावीच्या पोरांना ८ ते १०. ‘मला पाचच तास पुरतात’ म्हणणाऱ्या बहुतेकांना थकव्याची सवय झालेली असते.

आपल्या रावेर-यावल पट्ट्यात खरी अडचण मे महिन्याची. पारा ४५ च्या आसपास, आणि झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. दुपारी पत्र्याखाली ते उतरतच नाही. म्हणून मळ्यातून आलात की अंघोळ करून ऊन चढायच्या आत झोपा, पहाटे चार ते नऊ. खिडकीला जाड गोधडी लावा, उजेडाने मेंदू जागा होतो. उरलेले दोन तास दुपारी, सर्वांत गार खोलीत. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, या वेळात हाक मारायची नाही. आल्या आल्या चहा मात्र नको. त्यातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं.

घोरताना श्वास अडकत असेल, किंवा पुरेसं झोपूनही ट्रॅक्टरवर डुलकी येत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच.