नवख्यांसाठी माहितीपुस्तिका

प्रश्न : इतवारीतील किराणा दुकानदारांना आम्ही बिलाच्या सॉफ्टवेअरसोबत मराठी माहितीपुस्तिका दिली, तरी रोज तेच फोन येतात. काय चुकते? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या पुस्तिकेचे पहिलेच वाक्य ‘डेटाबेस कॉन्फिगर करा’ असे आहे, आणि ज्याने आजवर वहीतच हिशेब ठेवला, तो तिथेच अडतो. त्याऐवजी ‘नवे बिल या हिरव्या बटणावर क्लिक करा; ग्राहकाच्या नावाची रिकामी चौकट उघडेल’ असे, कृतीनंतर पडद्यावर काय दिसेल तेही सांगत लिहावे. बटणावर ‘सेव्ह’ असेल तर पुस्तिकेत ‘जतन करा’ लिहू नये, कारण दुकानदार पडद्यावर पुस्तिकेतलाच शब्द शोधत असतो. मग एखाद्या दुकानदारापुढे पुस्तिका ठेवून, आपण अवाक्षरही न बोलता, तो कुठे थबकतो ते पाहावे. मला हीच कसोटी सर्वांत मोलाची वाटते. तो ज्या ओळीवर थबकेल, ती ओळ त्याच दिवशी बदलावी.