‘त्या’ धड्याच्या दिवशी मुलीला घरी ठेवू का?

“पुढच्या आठवड्यात शाळेत आरोग्याच्या तासाला अपंगत्वावर शिकवणार आहेत. त्या दिवशी मुलीला घरीच ठेवलं तर?” असं विचारणारे पालक माझ्याकडे नेहमी येतात. कुणाच्या मुलाला कमी ऐकू येतं, कुणाची मुलगी व्हीलचेअर वापरते. भीती मात्र सगळ्यांची एकच असते. बाई शिकवायला लागल्या की अख्खा वर्ग वळून आपल्या मुलाकडे बघेल आणि मधल्या सुट्टीत चिडवायला एक नवा शब्द मिळेल.

ही भीती उगाच नाही. असे तास वाईट घेतले जातात, हे मला माहीत आहे. फळ्यावर प्रकारांची यादी, मग डोळ्यांवर पट्टी बांधून वर्गभर चालायचा खेळ आणि शेवटी “बघा, आपण किती नशीबवान!” पट्टी बांधलेल्या मुलाला पाच मिनिटांत फक्त धडपडणं कळतं. पांढरी काठी घेऊन रोज दादरचा पूल ओलांडणाऱ्या माणसाने काय कमावलंय, ते त्यातून कळत नाही. मुलं घाबरून किंवा कीव घेऊन बाहेर पडतात आणि त्याच वर्गातल्या दिव्यांग मुलाच्या वाट्याला ती कीव येते. तरीही मुलाला घरी ठेवा, असं मी सांगत नाही. का, ते मुक्ताच्या गोष्टीतून सांगते. (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

मुक्ता सातवीत, मध्य मुंबईतल्या एका मराठी शाळेत. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी राहतो. दोन्ही पाय ताठर, चालताना गुडघे एकमेकांना घासतात, टाचा नीट टेकत नाहीत. पायात स्प्लिंट, म्हणजे पायाला आधार देणारी कडक पट्टी, घालते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई एकटीच आली होती, ऑफिस सुटल्यावर. शाळेबद्दल ती पुष्कळ बोलली, म्हणजे बाई समजूतदार आहेत, पण पोरं द्वाड आहेत, एक मुलगा तिच्या चालण्याची नक्कल करतो, वगैरे. मी विचारलं, “या तासाबद्दल मुक्ताचं काय म्हणणं आहे?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “मॅडम, तिला सांगितलेलंच नाही.”

“काय सांगितलेलं नाही?”

“तिला काय झालंय ते. पायात थोडी कमजोरी आहे, मोठी झालीस की जाईल, एवढंच आम्ही सांगत आलोय.”

म्हणजे खरी चिंता वर्गाची नव्हतीच. आपल्या आजाराचं नाव मुलगी पहिल्यांदा पन्नास मुलांसमोर, फळ्यावरून वाचेल, ही होती. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. मुक्ता पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि आईने त्या वेळी भाजी चिरली होती. सासूबाईंनी ते कधी विसरू दिलं नाही. ही बाई हिशेबाच्या खात्यात नोकरी करते, शिकलेली आहे. ग्रहणाचं खरं नसतं, हे तिला डोक्याने पटतं. पण बारा वर्षं तीच गोष्ट ऐकल्यावर नुसतं डोक्याला पटून भागत नाही. मुलीला सांगायचं तर “कशामुळे?” हा प्रश्न येणार आणि त्याचं उत्तर “माझ्यामुळे” असंच आहे, असं तिने मनाशी धरलं होतं.

मुक्ता सातव्या महिन्यात जन्मलेली. मी कागदावर मेंदूचं साधं चित्र काढलं. मेंदूच्या मधोमध द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. खूप लवकर जन्मलेल्या बाळात त्या पोकळ्यांच्या कडेचा भाग फार नाजूक असतो, तिथे रक्तपुरवठा कमी पडला की इजा होते. पायांकडे हुकूम नेणारे तंतू नेमके त्या पोकळ्यांना लागून जातात आणि हातांचे तंतू थोडे बाहेरून. म्हणून अशा मुलांचे पाय जास्त ताठरतात आणि हात बऱ्यापैकी वाचतात. डॉक्टरांच्या फाइलमध्ये हेच लिहिलेलं होतं, पण इतक्या वर्षांत ते तिला कुणी बसवून समजावलं नव्हतं. विळीचा आणि ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

शाळेचा विषय आम्ही बाजूला ठेवला आणि आधी मुक्ताला सांगायचं ठरवलं. सांगणारी आईच, मी फक्त शेजारी. आईने सेरेब्रल पाल्सी हे नाव उच्चारलं, तोच कागद उघडून दाखवला. मुक्ताने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हे वाढत जाणार आहे का?”

हा प्रश्न कुठून आला, ते हळूहळू बाहेर आलं. गेल्या वर्षभरात तिला चालणं जड जात होतं. जिन्यात पूर्वीपेक्षा जास्त वेळा थांबावं लागायचं. घरचे म्हणत होते मोठी झालीस की बरं होईल, आणि ती मोठी होत होती तसतसं अवघडच होत होतं. आपण व्यायामात कुचराई केली म्हणून हे झालं, की आता आपण अंथरुणाला खिळणार? हे ती कुणाशीही बोलली नव्हती. तिचं वाक्य ऐकून आईला रडू आवरलं नाही.

उत्तर सोपं होतं आणि ते तिला कधीच मिळायला हवं होतं. मेंदूतली इजा वाढत नाही. पण उंची झपाट्याने वाढते त्या वयात हाडं भराभर लांब होतात, ताठर स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून ओढ बसते. यात तिची चूक नाही. फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा तपासून व्यायाम आणि स्प्लिंट बदलावे लागतात. त्याच महिन्यात ते झालं. जुने स्प्लिंट तिला लहान होत होते!

मग मायलेकींच्या संमतीने मी तिच्या बाईंशी बोलले. बाईंनी मनापासून तयारी केली होती. मोठा तक्ता, त्यावर एकवीस प्रकार. १९९५च्या कायद्यात सात होते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस झाले, तीच यादी. शेवटी “मुक्ता आपला अनुभव सांगेल” असंही योजलं होतं. मी म्हटलं, ते तिला विचारून ठरवू या. आणि याच कायद्याच्या ३९व्या कलमात शाळेच्या अभ्यासक्रमात दिव्यांगांचे हक्क यावेत असं म्हटलंय. आजारांची नावं पाठ करून ते साधणार नाही. मेंदूकडून स्नायूकडे हुकूम कसा जातो, तिथून सुरुवात करा. मग मुलांना शाळेतच हिंडवा. वर्गापर्यंत पायऱ्या किती, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, व्हीलचेअर स्वच्छतागृहाच्या दारातून जाईल का, हे त्यांनाच मोजू दे. लोकलच्या फलाटावर दिव्यांगांच्या डब्यापाशी बीप-बीप आवाज येतो तो कशासाठी, हे रोज ऐकणाऱ्या किती मुलांना ठाऊक आहे, तेही विचारा.

मुक्ताने ठरवलं, पुढे उभं राहून बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही. एकच गोष्ट सांगायला तिने बाईंना सांगितली. मदत करायची तर आधी विचारा, एकदम दंड धरू नका, कारण अचानक ओढलं की तोल जातो.

तासाच्या आदल्या दिवशी बाईंनी निनावी चिठ्ठ्या टाकायला खोका ठेवला. “हे संसर्गाने होतं का?” “अशा लोकांचं लग्न होतं का?” असे प्रश्न आले. ते यायलाच हवेत, नाहीतर त्यांची उत्तरं गल्लीत मिळतात. एका चिठ्ठीत होतं, “माझा भाऊ बोलत नाही. शेजारी त्याला वेडा म्हणतात. मी मित्रांना घरी बोलवत नाही.” बाईंनी ती वाचून दाखवली नाही. भावंडांबद्दल मात्र त्या सविस्तर बोलल्या आणि मधल्या सुट्टीत आपण कुठे भेटू, हेही सांगून ठेवलं. हा धडा फक्त मुक्तासाठी किंवा तिला बाकीच्यांपासून वाचवण्यासाठी नव्हता, हे त्या चिठ्ठीमुळे मला पक्कं कळलं.

नक्कल करणारा मुलगा एका तासात सुधारला नाही. त्याच्याशी बाई स्वतंत्रपणे बोलताहेत. वर्ग तळमजल्यावर आणण्याचा अर्ज आईने शाळेला दिला आहे.

तुमच्याकडे असा तास ठरला असेल तर दोन गोष्टी करा. मुलाला त्याच्या शरीराबद्दल काय माहीत आहे, हे आधी त्याच्याच तोंडून ऐका. आणि शिक्षकांना भेटून काय शिकवणार, मुलाचं नाव घेणार का, एवढं विचारून घ्या. त्या दिवशी मूल गैरहजर राहिलं तर रिकाम्या बाकाकडे बघून वर्ग जे समजायचं ते समजतोच.

मुक्ताच्या आईने दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्रही आजवर काढलं नव्हतं, कारण कागदावर आलं की ते कायमचं होईल असं तिला वाटायचं. दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती मिळवायच्या तर ते लागणारच. आता त्यासाठीच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून झाला आहे, सरकारी रुग्णालयातल्या तपासणीची तारीख यायची आहे.