नवी मर्सिडीज ई २२०डी काही महिने वापरलेल्या मालकांचे मत काय आहे? ‘डिझेल आता संपले’ असे म्हणतात, तरीही घ्यावी का?

‘डिझेल आता संपले’ हे वाक्य आपण प्रश्नात अवतरणचिन्हांत टाकले नसते, तर मी उत्तर लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो. बाणेर ते कॅम्प असे रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून एखादी सोलापूरची फेरी, एवढ्यासाठी ई २२०डी घ्यावी की पेट्रोलची ई २०० घ्यावी, असा आपला पेच आहे. माझ्याकडे ही डिझेल गाडी गेल्या दिवाळीपासून आहे. छत्रपती संभाजीनगरात राहून रुग्णालयांना उपकरणे पुरवण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे नागपूर, मुंबई, नाशिक, पुणे अशी भ्रमंती सतत चालू असते. गाडी उत्तम आहे, मी समाधानी आहे, आणि डिझेल संपलेले नाही.

‘डिझेल संपले’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे माझ्या दाजींच्या तोंडून ऐकत आलो आहे. आमच्या शहरातील उद्योजक आणि व्यावसायिकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या; सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभरच्या वर्तमानपत्रांत गाजला होता, हे आपल्याला आठवत असेल. दाजी त्या दीडशेंपैकी एक. त्यांनी तेव्हा मुद्दाम पेट्रोल गाडी घेतली, कारण ‘डिझेल गाडी म्हणजे टेम्पो, दारात उभी राहिली की शेजाऱ्याला वाटते सिलिंडरवाला आला’ असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी माझ्या त्या वेळच्या डिझेल गाडीचे नाव घेऊन भर पंगतीत मांडले होते. मोटारीत डिझेल घालण्याची कल्पना टेम्पोवाल्यांची नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? याच कंपनीने १९३६ मध्ये २६० डी नावाची डिझेल मोटार बाजारात आणली होती, आणि १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्को कारखान्यातून जी पहिली भारतीय ई क्लास बाहेर पडली, तिच्या मालिकेतही डिझेल होतेच.

दाजींचा व्यवहारही मला कधी पटला नाही. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात, २०१२ च्या सुमारास, दोन्हींच्या दरात लिटरमागे ३० रुपयांच्या घरात अंतर पडले होते. म्हणजे डिझेलवाल्याला सर्वांत जास्त फायदा ज्या चार वर्षांत होता, नेमकी तीच चार वर्षे दाजींनी जालना रोडवर पेट्रोल जाळण्यात घालवली. हे मी त्यांना एकदा सोडून अनेकदा सांगितले आणि दर वेळी ‘पैशाचा प्रश्नच नाही’ एवढेच उत्तर मिळाले. बरे, पैशाचा प्रश्न नसेल तर गाडीचाच विचार करू.

गेल्या हिवाळ्यात नागपूरला नात्यातले लग्न होते. दाजींचा ड्रायव्हर सुटीवर गेला होता, त्यामुळे ताई आणि ते माझ्या गाडीतून आले. सावंगीहून आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगावर क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम राखणारी सोय, लावला की या गाडीचे इंजिन नवव्या गिअरमध्ये मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास निवांत फिरत राहते. दाजी मागे डाव्या बाजूला पाठ रेलून बसले होते आणि ते इंजिनाकडे कान लावून आहेत, हे मला आरशातून दिसत होते. सिमेंटच्या त्या रस्त्यावर टायरांचा घोंगावणारा आवाजच इतका असतो की कोणत्याही गाडीत आधी तोच ऐकू येतो आणि इंजिन त्याच्याखाली शोधावे लागते. मेहकर मागे पडेपर्यंत त्यांनी डिझेलविषयी चकार शब्द काढला नाही. दाजींना जे ओळखतात, त्यांना याची किंमत कळेल.

पुढे चहासाठी गाडी बाजूला घेताना वेग कमी होत गेला आणि चाके पूर्ण थांबण्याआधीच इंजिन बंद झाले. ‘बंद पडली का रे?’ असे त्यांनी पुढे वाकून, काहीशा आशेने विचारले. बंद पडली नव्हती. या इंजिनाला ४८ व्होल्टवर चालणारी १७ किलोवॉटची मदतनीस मोटर जोडलेली आहे. थांबायची वेळ आली की इंजिन बंद होते आणि ब्रेकवरचा पाय उचलताच ही मोटर ते पुन्हा फिरवते. जुन्या डिझेल गाडीत सिग्नल सुटल्यावर इंजिन सुरू होताना स्टिअरिंगपर्यंत जो हिसका यायचा, तो इथे जवळजवळ नाही. पडद्यावरचा काटा शून्यावरून वर गेला म्हणून कळते. हे समजावून सांगितल्यावर ‘म्हणजे शेवटी बॅटरीचाच आधार लागला ना’ असे म्हणून त्यांनी लगोलग इलेक्ट्रिक गाडीचा विषय काढला आणि तो वर्धा येईपर्यंत पुरला. नागपूरला उतरलो तेव्हा टाकीत निम्म्याच्या आसपास डिझेल शिल्लक होते. हा महामार्ग सुरू झाला तेव्हा त्यावर पंपांची वानवा होती आणि अंगात सवय भिनली आहे म्हणा, पण वाटेत कुठेही पंप शोधावा लागत नाही, हे सुख मला कोणत्याही पडद्यापेक्षा मोठे वाटते.

खरे ते सांगायचे तर शेवटच्या टोलनाक्यावर फास्टॅग एका झटक्यात वाचला गेला नाही, म्हणून काच खाली घ्यावी लागली आणि नाक्याच्या भिंतीवर आपटून येणारी इंजिनाची टकटक आत आली. चार सिलिंडरांच्या डिझेलचा तो आवाज काच बंद असताना दबतो, नाहीसा होत नाही; सकाळी गार इंजिन सुरू करताना तर तो बाहेरून स्पष्ट ऐकू येतो. दाजींनी ‘आला सिलिंडरवाला’ म्हणून संधी साधलीच. पण ही तक्रार घेऊन बसणाऱ्याने एवढेच सांगावे, की आपण गाडीच्या आत बसतो की बाहेर उभे राहतो?

बाकी गाडीविषयी थोडक्यात. इंजिन १,९९३ सीसीचे आहे, १९७ अश्वशक्तीचे आणि ४४० न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोराचे, आणि यातला हा शेवटचा आकडाच महत्त्वाचा आहे. कसारा घाटात ट्रकच्या मागे रेंगाळल्यावर समोर मोकळी जागा दिसली, की गिअरबॉक्सला फारसे डिवचावे न लागता गाडी पुढे निघते. महामार्गावर मला लिटरला १७ ते १८ किलोमीटर मिळतात, शहरात ११-१२. आपल्याकडे मिळते ती लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली आवृत्ती, पाच मीटरहून अधिक लांबीची. मागे बसणाऱ्याला राजेशाही जागा मिळते, पण बाणेरच्या सोसायटीतले आपले पार्किंग आधी टेप लावून मोजा आणि गावाकडचे उंच गतिरोधक तिरपे घ्यायची तयारी ठेवा. एसीपासून सगळे त्या मधल्या पडद्यावर नेऊन ठेवण्याची हल्लीची फॅशन मला मुळीच पसंत नाही. हाताला न बघता सापडणारे बटण ते बटण. अर्थात हे रडगाणे आज बहुतेक महागड्या गाड्यांना लागू आहे.

युरियाविषयी शोरूममध्ये फारसे कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरिया असलेले शुद्ध पाणी. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारण्यासाठी ते लागते, आणि ते पूर्ण संपले की गाडी पुन्हा सुरू होत नाही. त्याचे निळ्या बुचाचे तोंड डिझेलच्या तोंडाशेजारीच असते. जालन्याकडे जाताना एका पंपावर नव्या पोराने नोझल हातात घेऊन नेमका त्या निळ्या बुचाला हात घातला होता. तेव्हापासून मी दर वेळी खाली उतरून शेजारी उभा राहतो. चुकून त्यात डिझेल पडले, तर गाडी सुरू न करता टो करून न्यायची, हे ड्रायव्हरलाही शिकवून ठेवा.

आता ‘संपले’ या शब्दाचा समाचार घेतो. दाजींचा मुख्य पुरावा म्हणजे दिल्ली. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या राजधानी परिसरात चालवू नयेत, हा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला, हे खरेच आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करायला तात्पुरता लगाम घातला, आणि त्या नियमात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्याही आहेत, हे दाजी सोयीस्करपणे विसरतात. आपल्या राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी जी अभ्यास समिती नेमली, तिच्यापुढचा विषयही पेट्रोल आणि डिझेल दोन्ही हळूहळू बंद करता येईल का, हाच होता. जायचेच असेल तर दोघेही जाणार आहेत. शिवाय पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे आणि इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांश कमी असते, यावर दाजी मौन पाळतात. नव्या ई २००ला त्या मिश्रणाची अडचण नाही, पण २०१० ची गाडी अजून हौसेने ठेवणाऱ्याने तरी मला भविष्याच्या गोष्टी सांगू नयेत.

मात्र पैसे वाचतील म्हणून डिझेल घेणार असाल, तर तो विचार सोडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही गाडी आली तेव्हा ई २००ची शोरूम किंमत ७८.५ लाख आणि ई २२०डीची ८१.५ लाख होती. पुढे जीएसटीचे दर बदलले, तरी फरकाचा अंदाज यायला ते आकडे पुरेसे आहेत. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या वैयक्तिक गाडीला पेट्रोल असेल तर १३ टक्के आणि डिझेल असेल तर १५ टक्के रोड टॅक्स, म्हणजे तिथे आणखी दोन लाख. एकूण पाच लाखांचा फरक धरा. पेट्रोल १०३ रुपये आणि डिझेल ९० रुपये, पेट्रोलला सरासरी ११ आणि डिझेलला १५ किलोमीटर असा ढोबळ हिशेब केला, तर किलोमीटरमागे साडेतीन रुपयांच्या आत बचत होते, आणि ते पाच लाख वसूल व्हायला दीड लाख किलोमीटर लागतात. माझे तेवढे होतील. आपले, बाणेर-कॅम्प आणि सोलापूर धरून, होता होता एक तप जाईल.

आणि इथे मला तो मुद्दा सांगावा लागतो, जो खरे तर वरच यायला हवा होता. डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागते आणि ते मिळण्यासाठी गाडी काही वेळ सलग, मोकळ्या रस्त्यावर धावावी लागते. औंधच्या सिग्नलवर आणि विद्यापीठ चौकात रांगत जाणाऱ्या गाडीला ते सुख मिळत नाही. जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात आपण ऑफिसच्या बेसमेंटमध्ये पोहोचून इंजिन बंद करता आणि पंखा मात्र नंतरही बराच वेळ घरघरत राहतो. हा गाडीचा दोष नव्हे, वापराचा आहे. महिन्यातून एकदा सोलापूर रस्त्यावर मनासारखी धावली, एवढ्याने भागणार नाही; आठवड्यातून एकदा तरी तिला एक्स्प्रेसवेवर नेण्याची तयारी नसेल, तर आपण ई २०० घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्यातल्या पुण्यात आणि घरी चार्जर बसवता येत असेल, तर इलेक्ट्रिकही बघा. हे वाक्य दाजींच्या नजरेस पडले नाही तर बरे.

याचा अर्थ त्यांचे खरे ठरले, असा नव्हे. दाजींचा कारखाना वाळूजला असला, तरी त्यांचे गिऱ्हाईक मुंबई आणि इंदूरला आहे आणि त्यांची गाडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तीही महामार्गावर, धावते. हल्ली ते नवी गाडी बघत आहेत आणि पुन्हा पेट्रोलच बघत आहेत. डिझेल घ्यायला हवी ती त्यांनी.

आपण शोरूममध्ये जाल तेव्हा सकाळची पहिली वेळ मागा आणि गाडी आधी सुरू करून ठेवू नका, असे फोनवर बजावून ठेवा. गार इंजिन आपल्यासमोर, काचा खाली करून सुरू करायला लावा, आणि मग निम्मे अंतर स्वतः चालवून निम्मे मागे बसून पाहा. दोन्ही गाड्यांची टेस्ट ड्राइव्ह एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर घ्या. बाणेर रोडवर नको, थेट बायपासवर घ्या.